लॅबमध्ये व्हिडिओ लावला की ऑफिसचं वायफाय का अडतं? (स्विचवर मल्टिकास्ट आवरण्याची गोष्ट)



आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. पण ज्या शाळेत कॉम्प्युटर लॅब आणि ऑफिस एकाच जोडणीवर चालतं, तिथे हा प्रश्न आज ना उद्या येणारच. आमच्याकडे आला, आणि त्यापायी लोकवर्गणीतले पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होणार होते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

घडलं असं. लॅबमध्ये १६ कॉम्प्युटर आहेत. प्रोजेक्टर बिघडलेला, म्हणून मी माझ्या कॉम्प्युटरवरून व्हीएलसी प्लेअरने विज्ञानाचा व्हिडिओ सगळ्या पडद्यांवर पाठवायला लागलो. मुलं खूश. पण व्हिडिओ सुरू झाला की थोड्या वेळात ऑफिसमधून निरोप यायचा, "सर, नेट गेलं." मुख्याध्यापिका मॅडम वायफायवर लॅपटॉप लावून विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती भरत असायच्या. शेवटची तारीख जवळ आलेली आणि फॉर्म मध्येच अडकायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "माहिती भरून होईपर्यंत लॅबचा तास बंद ठेवा सर." त्यांचंही काही चूक नव्हतं.

नेट बघायला आलेल्या माणसाने सांगितलं, प्लॅन कमी पडतोय, मोठा घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत तसा विषयही निघाला. तिथे एका पालकांनी साधा प्रश्न विचारला, "सर, व्हिडिओ तुमच्या कॉम्प्युटरमध्येच आहे ना? मग त्याला इंटरनेट कशाला लागतं?"

अगदी बरोबर. व्हिडिओ माझ्या हार्ड डिस्कवर होता. तो बाहेर इंटरनेटवर जातच नव्हता, शाळेतल्या शाळेत फिरत होता. मग मोठा प्लॅन घेऊन काय होणार? अडत होतं ते भिंतीवरच्या पेटीत, म्हणजे स्विचमध्ये.

घंटा, हाक आणि स्कॉलरशिपची मुलं

शाळेत निरोप तीन प्रकारे जातो. एका मुलाला नावाने हाक मारली तर तोच उठतो. नेटवर्कमध्ये याला युनिकास्ट म्हणतात. घंटा वाजली की सगळ्या शाळेला कळतं, ते ब्रॉडकास्ट. आणि "स्कॉलरशिपला बसलेली मुलं हॉलमध्ये या" असं सांगितलं की निरोप ठरावीक गटापुरता असतो. तो मल्टिकास्ट.

मी व्हिडिओ मल्टिकास्टने पाठवत होतो, आणि त्याला कारण होतं. व्हिडिओला सेकंदाला साधारण ४ मेगाबिट लागत होते. प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी प्रत पाठवली तर १६ गुणिले ४, म्हणजे ६४ मेगाबिट. माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड १०० मेगाबिटचं. कसंबसं जमलं असतं, पण ८ मेगाबिटचा चांगला व्हिडिओ लावला की १२८ होतात आणि गणित संपतं. मल्टिकास्टमध्ये माझ्या कॉम्प्युटरमधून एकच प्रत निघते, ४ मेगाबिटची. तिच्या प्रती पुढे स्विच करतो. (हा गुणाकार पाचवीच्या मुलांनी तोंडी केला. खरा डेटा असला की शाब्दिक उदाहरणाचा कंटाळा येत नाही.)

मल्टिकास्टच्या गटाला स्वतःचा पत्ता असतो. २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते त्यासाठीच राखून ठेवलेत. त्यातले २३९ ने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या आतल्या वापरासाठी आहेत, म्हणून मी २३९.१०.१०.१० घेतला. हा पत्ता कुठल्याच कॉम्प्युटरचा नसतो. मुलं व्हीएलसीमध्ये तो पत्ता उघडतात, तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर त्या गटात सामील होतो.

स्विचला कळत का नाही?

साधा स्विच हुशार असतो, पण एका मर्यादेपर्यंत. पोर्टमधून पाकीट आलं की तो पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून लक्षात ठेवतो, "हा कॉम्प्युटर ७ नंबरच्या पोर्टवर बसतो." पुढच्या वेळी त्या कॉम्प्युटरचं पाकीट आलं की फक्त ७ नंबरला देतो. वर्गातल्या जागा आपल्याला आठवड्याभरात पाठ होतात, तसंच.

पण गटाचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी कधीच येत नाही, तो नेहमी "प्रति"च्या जागीच असतो. त्यामुळे स्विचला तो शिकताच येत नाही. आणि ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही ते पाकीट सगळ्यांना वाटायचं, असा स्विचचा नियम. म्हणजे मी स्कॉलरशिपच्या मुलांना बोलावत होतो आणि स्विच घंटा वाजवत होता.

वायरवरच्या कॉम्प्युटरला त्याचा फारसा त्रास होत नाही. नको असलेलं पाकीट तो टाकून देतो, आणि १०० मेगाबिटच्या वायरवर ४ मेगाबिट म्हणजे काहीच नाही. खरा मार बसतो तो वायफायला. वायफाय राऊटर एका लॅपटॉपशी बोलतो तेव्हा जमेल तितक्या वेगाने बोलतो. गटासाठीचं पाकीट मात्र सगळ्यांना ऐकू जावं म्हणून बहुतेक राऊटर अगदी हळू वेगाने पाठवतात. २.४ गिगाहर्ट्झवर हा वेग बऱ्याचदा फक्त १ मेगाबिट असतो. आता १ मेगाबिटच्या वाटेवर ४ मेगाबिटचा व्हिडिओ ढकलला तर काय होणार? हवा पूर्ण भरते. मॅडमचा फॉर्म म्हणजे काही किलोबाइट, पण त्यांना जायला जागाच नाही.

पाच वर्षं भिंतीवर असलेला मॅनेज्ड स्विच

गंमत म्हणजे उपाय आमच्याकडेच होता. लॅब झाली तेव्हा देणगीत २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच मिळाला होता. मॅनेज्ड म्हणजे ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून आत जाता येतं, सेटिंग बदलता येतं. पाच वर्षं आम्ही तो एक्स्टेंशन बोर्डासारखा वापरला. वायर खुपसली, झालं. आत कोणी गेलंच नव्हतं. पासवर्डसुद्धा कंपनीने दिलेलाच होता. (तुमचाही तसाच असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो बदला.)

आत मेनूमध्ये मल्टिकास्टचा भाग असतो आणि त्यात आयजीएमपी स्नूपिंग नावाचं बटण. कॉम्प्युटरला गटात यायचं असलं की तो "मला हा गट हवाय" अशी छोटी चिठ्ठी पाठवतो. ती चिठ्ठी लिहिण्याची पद्धत म्हणजे आयजीएमपी. मल्टिकास्टची मूळ कल्पना स्टीव्ह डिअरिंग यांची, आणि आयजीएमपीची पहिली आवृत्ती १९८९ मधली. दुसरी १९९७ ला आली, तिसरी २००२ ला. ही चिठ्ठी खरं तर राऊटरसाठी असते. पण वाटेत बसलेला स्विच ती हळूच वाचतो आणि वहीत टिपून ठेवतो: २३९.१०.१०.१० हा गट पोर्ट ३, ५, ७ ला हवाय. स्नूपिंग म्हणजे दुसऱ्याचं चोरून ऐकणं. एरवी वाईट खोड, इथे ती उपयोगी. मग व्हिडिओ त्या तीनच पोर्टला जातो. ऑफिसकडे जाणारी वायर शांत राहते.

मी बटण चालू केलं. मॅडमना फॉर्म भरायला सांगितला, लॅबमध्ये व्हिडिओ लावला. ऑफिसमध्ये फॉर्म सरसर पुढे गेला. मी खूश होऊन शेजारच्या वर्गातल्या बाईंना सांगायला निघालो, तोच मागून आवाज, "सर, चित्र अडकलं!" एकाचं नाही, सगळ्यांचं.

व्हीएलसी बंद करून परत उघडलं तर चालू. पुन्हा काही मिनिटांनी बंद. तिसऱ्यांदा मुलांना घड्याळ लावायला सांगितलं. चार मिनिटं आणि वीसेक सेकंद.

हजेरी घेणारं कोणी नाही

सगळ्यात जास्त वेळ माझा इथे गेला, आणि माझ्या मते या विषयातला खरा धडा हाच आहे.

स्विच वहीत टिपलेलं नाव कायमचं ठेवत नाही. ठेवलं तर कॉम्प्युटर बंद करून घरी गेलेल्या मुलाच्या नावानेही व्हिडिओ जात राहील. म्हणून ठरावीक वेळाने हजेरी व्हावी लागते. कोणीतरी विचारायचं, "कोण कोण आहे?" आणि ज्यांना व्हिडिओ हवा आहे त्यांनी "हजर" म्हणायचं. या विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे दर १२५ सेकंदांनी हजेरी होते आणि उत्तराला १० सेकंद मिळतात. दोन हजेऱ्यांचा वेळ अधिक ते १० सेकंद एवढ्यात "हजर" ऐकू आलं नाही, तर नाव कमी. गणित करा: १२५ गुणिले २ अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद!

मोठ्या नेटवर्कमध्ये हे काम मल्टिकास्ट हाताळणारा राऊटर करतो. शाळेत असतो घरगुती छोटा राऊटर, आणि आमचा राऊटर हजेरी घेत नव्हता. त्यामुळे मुलांच्या कॉम्प्युटरनी सुरुवातीला एकदा चिठ्ठी दिली, स्विचने नाव लिहिलं, पुढे कोणी विचारलंच नाही म्हणून कोणी बोललं नाही, आणि २६० सेकंदांनी स्विचने सगळ्यांची नावं खोडली. तो त्याच्या जागी बरोबरच होता. स्नूपिंग चालू करून क्वेरिअर नसणं म्हणजे पटावर नावं आहेत आणि हजेरी घ्यायला गुरुजीच नाहीत.

ही अडचण फसवी आहे, कारण पहिली चार मिनिटं सगळं छान चालतं. दुरुस्ती करणारा माणूस दोन मिनिटं बघून "झालं काम" म्हणून निघून जातो. तपासणी निदान दहा मिनिटांची करा.

उपाय सोपा निघाला. त्याच मेनूत आयजीएमपी क्वेरिअर असं वेगळं बटण होतं. ते चालू केलं की स्विच स्वतःच हजेरी घेतो. फक्त त्याला विचारणाऱ्याचा पत्ता द्यावा लागतो, तिथे स्विचचा स्वतःचाच पत्ता टाकला. काही स्विचमध्ये हा पत्ता दिला नाही तर बटण चालू दिसतं पण हजेरी होत नाही. त्या दिवशी पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत चालला.

बाकीची सेटिंग

प्रत्येक कंपनीच्या स्विचचा मेनू वेगळा, पण शब्द तेच असतात. हात लावण्याआधी आताच्या सेटिंगचा बॅकअप घ्या. स्नूपिंग बहुतेक ठिकाणी दोनदा चालू करावं लागतं, एकदा संपूर्ण स्विचसाठी आणि एकदा त्या व्हीलॅनसाठी. शाळेत वेगळे व्हीलॅन केलेले नसतील तर सगळं १ नंबरच्या व्हीलॅनमध्ये असतं. स्विच जुना असेल आणि त्याला फक्त दुसरी आवृत्ती समजत असेल, तर क्वेरिअरही दुसऱ्या आवृत्तीचाच ठेवा. हजेरी ज्या भाषेत घेतली जाते त्या भाषेत कॉम्प्युटर उत्तर देतात.

अनरजिस्टर्ड मल्टिकास्ट असा एक पर्याय दिसेल. वहीत ज्या गटाचं कोणाचंच नाव नाही, त्याची पाकिटं सगळीकडे वाटायची की टाकून द्यायची, हे तिथे ठरतं. 'वाटा' ठेवलं तर मुलं यायच्या आधी मी व्हिडिओ सुरू करून ठेवला की ऑफिसचं वायफाय पुन्हा अडणार. मी 'टाकून द्या' ठेवलं. पण हे केल्यावर नेटवर्कवरचा प्रिंटर सापडतोय ना, ते तपासा. प्रिंटर शोधणं, वायफायवरून टीव्हीला मोबाईल जोडणं यातही मल्टिकास्टच वापरलं जातं. २२४.०.०. ने सुरू होणारे पत्ते असल्या अंतर्गत कामांचे आहेत, चांगला स्विच ते अडवत नाही. आपणही हाताने अडवू नये. आणि व्हिडिओसाठी गट निवडताना २३९.०.०. किंवा २३९.१२८.०. ने सुरू होणारा पत्ता घेऊ नका. वायरवर त्यांचं रूप आणि त्या अंतर्गत पत्त्यांचं रूप एकच होतं. बरेच स्विच त्यांना वेगळं ओळखू शकत नाहीत आणि सगळीकडे वाटतात.

"मल्टिकास्ट पूर्णच बंद करून टाका ना," असंही मला एकाने सुचवलं. तसं करू नये. प्रिंटर जाईल ते वेगळंच, पण आयपीव्ही६ मध्ये शेजारचा कॉम्प्युटर शोधायलाही मल्टिकास्टच लागतं. ते अडवलं तर चालू नेट विनाकारण बिघडेल.

फास्ट लीव्ह नावाच्या बटणाने मला एकदा फसवलं. कॉम्प्युटर "मी चाललो" म्हणाला की त्या पोर्टचा व्हिडिओ ताबडतोब बंद, हा त्याचा अर्थ. वाचायला छान वाटलं, लावलं. आमच्या मागच्या रांगेतले पाच कॉम्प्युटर एका छोट्या ८ पोर्टच्या साध्या स्विचवरून येतात. म्हणजे मोठ्या स्विचच्या दृष्टीने ते पाचही एकाच पोर्टवर. एका मुलीने व्हीएलसी बंद केलं आणि अख्ख्या रांगेचा व्हिडिओ गेला. बिचारी घाबरली, "सर, मी काही नाही केलं!" खरंच तिची चूक नव्हती. एका पोर्टवर एकच कॉम्प्युटर असेल तरच फास्ट लीव्ह लावा. ते बंद असलं की स्विच आधी विचारतो, "अजून कोणी आहे का?" आणि एकदोन सेकंद थांबतो. तेवढं थांबणं परवडतं.

आणखी एक बारकी गोष्ट. तुमचा वायफाय राऊटर स्वतः हजेरी घेणारा असेल, तर दोन क्वेरिअर होतात आणि ज्याचा पत्ता लहान तो जिंकतो. राऊटरचा पत्ता बहुतेक १ ने संपतो, म्हणून तोच जिंकतो. मग स्विच त्या पोर्टला राऊटरची वाट समजतो आणि सगळे गट तिकडे पाठवतो. म्हणजे पुन्हा वायफायवर व्हिडिओ! अशा वेळी राऊटरमधलं हे काम बंद करून हजेरी स्विचकडे द्या, किंवा राऊटरमध्ये वायफायसाठी वेगळं स्नूपिंग असेल तर ते चालू करा.

वर्गात घेतलेला खेळ

सहावीच्या मुलांना हे सगळं खेळातून दाखवलं. एक मुलगा स्विच झाला, हातात वही. दहा मुलं कॉम्प्युटर, प्रत्येकाला पोर्ट नंबर. एक मुलगी व्हिडिओ, तिच्याकडे चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पहिल्या फेरीत स्विचने प्रत्येक चिठ्ठीच्या दहा प्रती करून सगळ्यांना वाटायच्या. दोन मिनिटांत तो घामाघूम झाला आणि ज्यांना नको होत्या त्यांच्या बाकावर कागदांचा ढीग. दुसऱ्या फेरीत ज्यांना हवं त्यांनी हात वर करून नाव नोंदवायचं. काम एकदम हलकं झालं. तिसऱ्या फेरीत नियम घातला की पन्नास आकडे मोजून झाले की वहीतली नावं खोडायची. पन्नास झाले, चिठ्ठ्या थांबल्या, मुलं ओरडायला लागली. तेव्हा वर्गातलीच एक मुलगी म्हणाली, "सर, मध्ये मध्ये हजेरी घ्यायला पाहिजे." मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग मुलांना खरा स्विच दाखवला. गटांच्या तक्त्यात २३९.१०.१०.१० समोर पोर्टचे नंबर दिसतात. एका मुलाने व्हीएलसी बंद केलं की तक्ता पुन्हा उघडल्यावर त्याचा नंबर गायब. ऑफिसच्या पोर्टचा दिवाही बघितला. आधी व्हिडिओ चालू असताना तो सारखा लुकलुकायचा, आता अधूनमधूनच. एकाने विचारलं, "कोणीच बघत नसेल तर व्हिडिओ कुठे जातो?" माझ्या कॉम्प्युटरमधून निघून स्विचपर्यंत येतो आणि स्विच तिथेच टाकून देतो, असं सांगितलं. "मग तुमचा कॉम्प्युटर उगाच पाठवत बसतो?" हो, उगाच. कोण ऐकतंय हे त्याला कळत नाही.

लॅबचा तास परत सुरू झाला. मोठ्या प्लॅनचा विषय समितीने मागे घेतला, त्या पैशातून प्रोजेक्टर दुरुस्त करायचं ठरलंय.

एक राहिलंच. सगळं नीट झाल्यावर आठवड्याने लाइट गेली आणि आल्यावर ऑफिसमधून पुन्हा तोच निरोप, "सर, नेट गेलं." मी सेटिंग लागू केलं होतं, पण सेव्ह केलं नव्हतं. बऱ्याच स्विचमध्ये ही दोन वेगळी बटणं असतात. आता सेव्ह केलंय, आणि मुद्दाम एकदा प्लग काढून परत लावून बघितलंय.